वाचकांचे प्रश्न : वादस्तेना, आधी मठ की आधी किल्ला?

मागच्या अंकात स्वीडनच्या वेत्तेर्न सरोवराकाठच्या वादस्तेना या गावावर लेख होता. साडेपाच-सहा हजार वस्तीचं गाव, पण त्यात एका राजघराण्याचा वाडा, बिर्गिता या संत स्त्रीचा मठ आणि दुसऱ्या राजघराण्याचा खंदकवाला किल्ला, असं सगळं चालत फिरण्याच्या टापूत. लेखावर आलेल्या पत्रांतून निवडलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं या वेळी देत आहोत. एकाच विषयाची पत्रं एकत्र केली आहेत.

गावाचं नाव नेमकं कसं उच्चारायचं? नकाशावरची नावं वाचताना जीभ अडखळते. (कर्वेनगर)

'वादस्तेना' चालेल. भरभर बोलताना मधला 'द' जवळजवळ गिळतात, त्यामुळे कानावर 'वास्तेना' येतं. तिकिटाच्या खिडकीवर खरी अडचण दुसऱ्याच नावांची होते. ज्या शहराचं स्पेलिंग पाहून आपण 'लिंकोपिंग' म्हणतो ते 'लिन्शोपिंग'. प्रांताचं नाव 'ओस्तेरयोतलांद', त्यातल्या 'ग'चा 'य' होतो. जवळचं मोटाला हे स्थानिकांच्या तोंडी 'मूताला'. गाडी बदलायचं स्टेशन 'म्योल्ब्यू'. शंका वाटली तर कागदावर लिहून दाखवा.

एका दिवसात गाव पाहून होईल का? आणि आधी किल्ला पाहावा की मठ? प्रवास कंपनीच्या पत्रकात फक्त किल्ल्याचा फोटो आहे. (कोथरूड)

एक पूर्ण दिवस पुरतो, मुक्काम केला तर उत्तम. पण आधी मठ पाहा. किल्ला सरोवराला लागून उभा आहे, फोटोत देखणा दिसतो, म्हणून पत्रकांत त्याची वर्णी लागते. सकाळचा ताजा वेळ तिथे घालवून दुपारी पाय दुखत मठात शिरलात, तर या गावात एवढं सगळं का उभं राहिलं हे कळणारच नाही. किल्ला इथे आला तो मठ सुरू झाल्यानंतर दीडशेहून जास्त वर्षांनी.

क्रम असा ठेवा. सुरुवात मठाच्या आवारातल्या विटांच्या जुन्या वाड्यापासून. तेराव्या शतकात ब्येल्बो या राजघराण्याने तो बांधला. स्वीडनमध्ये विटांत बांधलेल्या, चर्च नसलेल्या इमारतींपैकी ही सर्वांत जुन्यांपैकी एक. 1346 मध्ये राजा मागनुस एरिकसोन आणि राणी ब्लांका यांनी मृत्युपत्र करून वादस्तेनाची ही राजमालमत्ता बिर्गिताच्या नियोजित मठासाठी दिली आणि राजाच्या दालनांत पुढे जोगिणी राहू लागल्या. आता तिथे मठाचं संग्रहालय आहे. इथे तासभर द्या, कारण बाहेरून ही इमारत अगदीच साधी दिसते आणि लोक तिला गोदाम समजून पुढे निघून जातात.

मग शेजारचं मठाचं चर्च, दीड तास. मग सरोवराच्या काठाने रमतगमत किल्ल्याकडे, दहा-पंधरा मिनिटं. किल्ल्याला दोन तास. उरलेल्या वेळात गावातल्या गल्ल्या. त्यात तीन गोष्टी चुकवू नका. पहिली पंधराव्या शतकातली नगरसभेची इमारत, स्वीडनमधली सर्वांत जुनी म्हणून ती ओळखली जाते. दुसरा लाल मनोरा, पाडून टाकलेल्या एका चर्चचा तेवढाच भाग उरला आहे. तिसरं मोर्तेन स्किन्नारे या कातडी-व्यापाऱ्याचं सोळाव्या शतकातलं घर. त्याच्या भिंतीतून बाहेर लटकणारा जो लाकडी खोका दिसतो तो सज्जा नाही, संडास आहे.

गावाला शहराचा दर्जा राणी मार्गारेताने दिला तो 1400 मध्ये, म्हणजे मठ सुरू झाल्यानंतर. आधी यात्रेकरू आले, मग खाणावळी, धर्मशाळा आणि दुकानं, मग सनद. देहू-आळंदी पाहिलेल्यांना हा क्रम निराळा समजावून सांगायला नको.

बिर्गिता ही आपल्याकडच्या अर्थाने 'संत' होती का? की राजघराण्याशी नातं होतं म्हणून तिला संत केलं? (सदाशिव पेठ)

दोन्ही बाजूंनी थोडं थोडं खरं आहे, म्हणून जरा सविस्तर.

पहिल्यांदा एक गल्लत टाळा. आयर्लंडची ब्रिजिट ही वेगळी संत, तिच्या कितीतरी शतकं आधीची. बाजारात मिळणारी गवताच्या क्रूसाची चित्रं त्या आयरिश संताची असतात.

ही बिर्गिता 1303 मध्ये जन्मली, म्हणजे ज्ञानदेवांच्या समाधीनंतर सात वर्षांनी. नामदेव तेव्हा तिशीत होते. वडील उप्लांद प्रांताचे न्यायाधिकारी, घराणं राजाच्या नात्यातलं. तेराव्या वर्षी उल्फ गुदमारसोनशी लग्न, आठ मुलं. राणी ब्लांकाच्या दरबारातही ती होती. 1344 मध्ये नवरा आल्वास्त्राच्या मठात वारला आणि त्यानंतर तिचे साक्षात्कार वाढले. ती ते स्वीडिश भाषेत सांगे वा लिहून काढी आणि तिचे धर्मगुरू ते लॅटिनमध्ये उतरवत. असे सुमारे सातशे साक्षात्कार ग्रंथरूपात आहेत. त्यांतले पुष्कळसे राजांना आणि पोपना सुनावलेले बोल आहेत. जमीन देणाऱ्या मागनुस राजालाही तिने सोडलं नाही.

1349 मध्ये ती रोमला गेली. उद्देश दोन: 1350 चं पवित्र वर्ष आणि आपल्या नव्या संघाला पोपची मान्यता. पोप त्या काळी रोममध्ये नसून आजच्या फ्रान्समधल्या आविन्योंला राहत होते, त्यामुळे काम रखडलं. 1370 मध्ये पोप अर्बन पाचवे यांनी मान्यता दिली, तीही तिला हवी होती तशी पूर्ण नाही. 23 जुलै 1373 रोजी ती रोममध्येच वारली. म्हणजे वादस्तेनाचा मठ चालू झालेला तिने पाहिलाच नाही. पुढच्या वर्षी मुलगी कातरिना तिच्या अस्थी घेऊन आली आणि मठाचं रीतसर उद्घाटन 1384 मध्ये झालं.

आता संतपदाचं. आपल्याकडे संत ठरवणारी कचेरी नाही. अभंग लोकांच्या तोंडी राहिले, वारीत पालखी निघाली, झालं. कॅथलिक चर्चमध्ये मात्र रीतसर फाइल तयार होते: साक्षीदारांचे जबाब, बरे झालेल्या आजाऱ्यांच्या नोंदी, लेखनात धर्मबाह्य काही आहे का याची छाननी, आणि हे सगळं पुढे ढकलणारी माणसं. कातरिना त्यासाठी पुन्हा रोमला जाऊन काही वर्षं राहिली. 7 ऑक्टोबर 1391 रोजी पोप बोनिफास नववे यांनी बिर्गिताला संत जाहीर केलं. पण त्या वेळी पोपपदावर एकाच वेळी दोघांचा दावा होता, त्यामुळे 'हा पोप खरा की तो' अशी शंका राहिली. म्हणून 1415 मध्ये कॉन्स्टन्सच्या परिषदेच्या वेळी आणि 1419 मध्ये पोप मार्टिन पाचवे यांच्याकडून तेच संतपद पुन्हा पक्कं करून घेतलं गेलं. एकाच संताची तीनदा मोहोर! 1999 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला युरोपच्या संरक्षक संतांमध्ये घेतलं, ती चौथी वेळ म्हणा.

राजघराण्यामुळे फाइल लवकर हलली हे खरंच आहे. पण राजघराण्यातल्या कितीतरी बायका मठांना जमिनी देऊन गेल्या, त्यांच्या नावाचा संघ साडेसहाशे वर्षं टिकला नाही. या संघाची घरं आज भारतातही आहेत.

मठाच्या चर्चमध्ये वेदी पश्चिमेला आहे असं लेखात म्हटलं होतं. छपाईची चूक आहे का? चर्चची वेदी पूर्वेला असते असं आम्हाला शिकवलं आहे. (वास्तुकला विद्यार्थिनी, कर्वे रस्ता)

चूक नाही. तुम्हाला शिकवलं तेही बरोबर, आणि म्हणूनच हे चर्च अभ्यासण्यासारखं आहे.

बिर्गिताने चर्चचा आराखडा नियमातच सांगून ठेवला होता: बांधणी साधी, नम्र आणि मजबूत असावी, आणि पुरोहितांचा भाग पश्चिमेला, सरोवराच्या बाजूला असावा. त्यामुळे भाविक पूर्वेकडून आत येतात आणि पश्चिमेकडे तोंड करून बसतात. उत्तरेला जोगिणींचं निवासस्थान, दक्षिणेला पुरुषांचं, मध्ये हे चर्च. दोन्ही बाजूंना एकच चर्च वापरायचं, पण एकमेकांच्या समोर यायचं नाही. म्हणून जोगिणींची जागा उंच गॅलरीत होती, पुरोहित खाली पश्चिमेच्या भागात, आणि लोक मध्ये. ती गॅलरी आज नाही. ती डोळ्यांसमोर आणल्याशिवाय आतली रिकामी जागा समजत नाही, त्यामुळे आधी संग्रहालय पाहा म्हणून आग्रह.

माणसांचा हिशेबही नियमात पक्का होता: 60 जोगिणी, 13 पुरोहित, 4 उपपुरोहित, 8 सेवक-बंधू. पौलासह 13 प्रेषित, आणि 60, 4 व 8 मिळून येशूचे 72 शिष्य. एकूण 85. या सगळ्यांवर प्रमुख कोण, तर मठाधिपती स्त्री. मेरीमातेची प्रतिनिधी म्हणून तिचा अधिकार पुरुषांच्या बाजूवरही चाले, फक्त धार्मिक विधी आणि पापनिवेदन पुरोहितप्रमुखाकडे. चौदाव्या शतकात रोमला ही मांडणी सहज पचली नाही यात नवल नाही.

बांधकाम म्हणून पाहायचं तर तिन्ही दालनं जवळपास एका उंचीची आहेत, म्हणजे मधलं दालन उंच करून वर खिडक्या काढण्याची नेहमीची गॉथिक पद्धत इथे नाही. उजेड बाजूच्या भिंतींतूनच येतो. दगड ओम्बेर्ग डोंगराच्या पायथ्याचा चुनखडी, निळसर करड्या छटेचा. त्यामुळे गावात याला 'निळं चर्च' म्हणतात. भर उन्हात तो करडाच दिसतो, निळेपणा ढगाळ हवेत उठतो. चर्चचं अर्पण 1430 मध्ये झालं.

फोटो सकाळी काढा. पूर्वेचा उजेड तुमच्या पाठीमागून येतो. संध्याकाळी सूर्य वेदीच्या मागच्या खिडक्यांत असतो आणि समोरचं सगळं काळं पडतं. इतर चर्चच्या सवयीने लोक इथे नेमके उलट्या वेळी येतात.

हे चर्च कॅथलिक आहे की प्रोटेस्टंट? (पिंपरी)

आता स्वीडिश लुथेरन चर्चचं, म्हणजे प्रोटेस्टंट आहे. कॅथलिक बिर्गिता-भगिनी 1595 नंतर गावात नव्हत्या. एलिसाबेत हेसेलब्लाद यांच्या पुढाकाराने त्या 1935 मध्ये परत आल्या. त्यांचा मठ आणि अतिथिगृह जवळच, पण वेगळं आहे. त्यांच्या डोक्यावर पांढऱ्या पट्ट्यांचा मुकुट आणि त्यावर पाच तांबडे ठिपके दिसतील, ते येशूच्या पाच जखमांचे.

चर्चमधल्या पेटीत खरोखर बिर्गिताच्या अस्थी आहेत का? (औंध)

लाल मखमली पेटीतल्या दोन कवट्या बिर्गिता आणि कातरिना या मायलेकींच्या मानल्या जात. उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या तपासणीत आईकडून येणारा डीएनए जुळला नाही, म्हणजे त्या मायलेकी असू शकत नाहीत. कार्बन-कालमापनही दोघींच्या काळाशी बसलं नाही. मध्ययुगात अस्थींचे तुकडे दूरदूरच्या चर्चना वाटले जात आणि धर्मसुधारणेच्या काळात पेट्या उघडल्या-लपवल्या गेल्या, तेव्हा अदलाबदलीला वाव भरपूर होता. यात्रेकरूंच्या संख्येवर या निष्कर्षाचा परिणाम झाल्याचं दिसत नाही.

राजाने एवढा मठ असताना शेजारी किल्ला का बांधला? आणि मुलाखतींत ऐकलेला 'वादस्तेनाचा गोंगाट' म्हणजे काय? (नारायण पेठ)

किल्ल्याचं कारण लष्करी. गुस्ताव वासा 1523 मध्ये राजा झाला. 1527 मध्ये चर्चच्या मालमत्तेवर राजाचा हक्क सांगितला गेला. कर, चर्चवरची जप्ती अशा कारणांनी दक्षिणेकडच्या स्मोलांदमध्ये 1542-43 मध्ये शेतकऱ्यांचं मोठं बंड झालं. ते मोडल्यावर 1545 मध्ये त्याने वादस्तेनाला किल्ल्याचा पाया घातला, दक्षिणेकडून स्टॉकहोमकडे येणाऱ्याला मध्येच अडवण्यासाठी. खंदक, मातीचे तट, कोपऱ्यांत तोफांचे बुरूज. पुढच्या पिढ्यांना ऐसपैस राहायचं होतं, म्हणून त्याच्यावर रेनेसान्स शैलीची सजावट चढत गेली. फ्लेमिश कारागीर आरेंत दे रोय इथे काम करत होता. सगळं पुरं व्हायला 1620 उजाडलं. त्यामुळे खालून पाहिलं तर किल्ला आणि वरून पाहिलं तर राजवाडा, असं त्याचं रूप आहे. मातीचे तट एकोणिसाव्या शतकात काढून टाकले होते. आज दिसतात ते अलीकडे पुन्हा उभारलेले, जुने समजू नका.

'गोंगाट' 1559 च्या डिसेंबरमधला. राजकन्या कातरिनाचं लग्न पूर्व फ्रीसलंडच्या एत्सार्द या सरदाराशी झालं होतं आणि वऱ्हाड परतीच्या वाटेवर वादस्तेनाच्या किल्ल्यात थांबलं होतं. नवऱ्यामुलाचा भाऊ योहान रात्री खिडकीतून धाकटी राजकन्या सेसिलिया हिच्या दालनात जातो असं पहारेकऱ्यांच्या ध्यानात आलं. युवराज एरिकने गुपचूप मिटवण्याऐवजी त्याला रंगे हाथ पकडवलं, तेही पुरेसे कपडे अंगावर नसताना. बोभाटा युरोपभर झाला. म्हातारा गुस्ताव योहानवर चिडलाच, पण प्रकरण चव्हाट्यावर आणणाऱ्या एरिकवर त्याहून जास्त चिडला. घरची गोष्ट घरात ठेवायची अक्कल नसलेला वारस, हे त्याचं दुखणं होतं, आणि एरिकची पुढची कारकीर्द पाहता ते खोटं नव्हतं.

याच गुस्तावाचा एक मुलगा, सरदार मागनुस (1542-1595), मनाच्या आजाराने ग्रासलेला होता. किल्ल्याच्या खिडकीतून सरोवरातली जलपरी दिसली आणि त्याने खंदकात उडी टाकली, ही गोष्ट लोककथा म्हणूनच घ्या. त्याची समाधी मात्र खरी आहे, मठाच्या चर्चमध्ये. तिथेच फिलिपा राणी आहे. इंग्लंडच्या चौथ्या हेन्रीची मुलगी, तीन नॉर्डिक देशांची राणी, 1430 मध्ये वारली.

1716 नंतर राजघराण्याने किल्ला सोडला. मग धान्याचं कोठार, तलम कापडाचा कारखाना. 1899 मध्ये तिथे प्रादेशिक अभिलेखागार आलं. धान्य ठेवायला कोरडं छप्पर लागतं म्हणून ते शाबूत राहिलं, नाहीतर शनिवारवाड्यासारखं नुसतं जोतं पाहावं लागलं असतं. खंदकात आज शिडाच्या होड्या नांगरलेल्या असतात. सरोवराला जोडलेला असल्याने तो पाहुण्यांच्या होड्यांसाठी धक्का म्हणून वापरतात.

मी क्रोशे करते. वादस्तेनाची लेस क्रोशेच्या सुईने होते का? पुण्यात सामान मिळेल का? बिर्गिताने ही कला इटलीहून आणली असं वाचलं. (शनिवार पेठ)

शेवटचं आधी. तसं सांगतात, पण ते बसत नाही. दांड्यांवर विणायची लेस युरोपात सोळाव्या शतकात पसरली, बिर्गिता 1373 मध्ये वारली. मठातल्या जोगिणी भरतकामात तरबेज होत्या, गावात बायकांचे हात तयार होते, तिथे ही कला नंतर रुजली आणि फेरीवाल्यांनी ती देशभर विकली, इतकं सांगता येतं.

क्रोशेशी तिचं नातं नाही. क्रोशेत एकच दोरा आणि सुई. इथे अनेक दोरे, प्रत्येक दोरा एका लाकडी दांडीवर गुंडाळलेला, आणि गाठ न मारता दोरे एकमेकांवरून नेऊन, टाचण्यांनी आकार धरून ठेवून विणायचं. वेणी घालण्याच्या जवळचं काम. भारतात नागरकोइलकडे मिशनऱ्यांनी हीच कला आणली होती.

सरावासाठी 6 जोड्या, म्हणजे 12 दांड्या पुरतात. दांड्या मिळाल्या नाहीत तर लाकडी कपड्यांचे सरळ चिमटे, किंवा 10-12 सेंमी लांब, एका टोकाला खाच केलेल्या काड्या चालतील. सगळ्यांचं वजन सारखं हवं. उशी म्हणून 4-5 सेंमी जाडीचा घट्ट थर्माकोल, वर जुनं लोकरी कापड ताणून. कापड नसेल तर टाचण्या सैल पडतात. दोरा वादस्तेनात लिननचा, नवशिक्यांसाठी 28/2 किंवा 35/2 जाडीचा. तो नसेल तर तुळशीबागेत मिळणारा 20 नंबरचा क्रोशेचा सुती दोरा घ्या. सुती दोरा ताणला की थोडा लांबतो आणि सोडला की आखडतो, त्यामुळे काढल्यावर पट्टी किंचित चोळामोळा झाल्यासारखी दिसते. घाबरू नका, लिननवर गेलात की हे जाईल.

पत्त्यासारख्या कडक कागदावर 2 सेंमी अंतराने दोन उभ्या ओळी काढा. प्रत्येक ओळीत 5 मिमी अंतरावर भोकं पाडा, पण दुसऱ्या ओळीची भोकं अर्ध्या टप्प्याने खाली. प्रत्येक जोडीसाठी 2 मीटर दोरा, दोन्ही टोकं दोन दांड्यांवर गुंडाळायची, मधला भाग वरच्या टाचणीवर अडकवायचा. गुंडाळून झाल्यावर दांडीच्या मानेवर एक फास द्या, नाहीतर दांडी टेकवली की दोरा सुटत जमिनीला लागेल.

आता हालचाली दोनच. समोरच्या चार दांड्यांना डावीकडून 1, 2, 3, 4 म्हणा. 'ओलांड': 2 ला 3 वरून न्या. 'पीळ': 2 ला 1 वरून आणि 4 ला 3 वरून न्या. ओलांड-पीळ-ओलांड केलं की कापडासारखी घट्ट वीण. नुसतं ओलांड-पीळ केलं की जाळीदार वीण. पट्टीसाठी एक जोडी कामकरी, बाकी पाच उभ्या. कामकरी जोडीने प्रत्येक उभ्या जोडीशी ओलांड-पीळ-ओलांड करत दुसऱ्या काठाला जायचं, तिथे कामकरी जोडीला एक पीळ, तिच्या आतल्या बाजूला पट्टीला लागून टाचणी, आणि परत.

नव्वद टक्के गोंधळ आकड्यांचा असतो. 1-2-3-4 ही जागांची नावं आहेत, दांड्यांची नव्हेत. दांडी हलली की तिचा आकडा बदलतो. दांड्यांना रंग लावून बसलात तर तिसऱ्या ओळीत अडकाल. फक्त कामकरी जोडीला रंगीत दोरा लावा, ती मध्येच उभ्यांत हरवली की लगेच कळतं. काठ लहरी झाला तर समजा टाचणी लावल्यावर दोरे ओढले नाहीत: टाचणी लावली की आधी उभ्या जोड्या खाली, मग कामकरी आडवी, हलक्या हाताने ओढा. टाचण्या बाहेरच्या बाजूला थोड्या कलत्या रोवा. मागच्या टाचण्या निदान 3 सेंमी विणून झाल्याखेरीज काढू नका.

आणि पुण्यात हे काम पावसाळ्यात करणार असाल तर पितळी किंवा स्टेनलेस टाचण्याच घ्या. शिंप्याकडच्या साध्या टाचण्या आठवड्यात गंजतात आणि पांढऱ्या दोऱ्यावर उमटलेला गंज निघत नाही. उलट उन्हाळ्यात लिनन ठिसूळ होऊन तुटतं, तेव्हा उशीवर रात्री ओलसर पंचा टाकून ठेवा.

पुण्याहून जायचं कसं, कधी, आणि शाकाहाऱ्यांचं काय? (बाणेर, कोथरूड, सहकारनगर अशी चार पत्रं)

थेट विमान नाही. मुंबई किंवा दिल्लीहून, मध्ये एकदा बदलून स्टॉकहोम. तिथून दक्षिणेकडची रेल्वे लिन्शोपिंगपर्यंत, पावणेदोन तासांच्या आसपास. वादस्तेनाला प्रवासी रेल्वे नाही. पुढे लोकल गाडीने मोटाला किंवा म्योल्ब्यू, तिथून बस. मोटालाहून अंतर फक्त 16 किमी. 'रेसरोबोट' या देशव्यापी प्रवास-नियोजकात तारीख घालून पाहा. तारीख न घालता पाहिलेलं वेळापत्रक फसवतं, कारण शनिवार-रविवारी आणि उन्हाळी सुटीत बस कमी होतात.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त 6 महिने आणि कमीत कमी 15 दिवस आधी. पासपोर्ट परतीनंतर 3 महिने वैध, 10 वर्षांच्या आत काढलेला, 2 पानं कोरी. आरोग्य विमा किमान 30,000 युरोचा. प्रौढांची फी 2024 पासून 90 युरो. वरचा सेवाखर्च वेगळा. सहलीत नॉर्वे-डेन्मार्कही असेल तर जिथे जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज करा. एकट्या वादस्तेनाच्या दोन रात्रींसाठी स्वीडनकडे आणि बाकी आठ रात्री नॉर्वेत, असा अर्ज परत येऊ शकतो.

महिना जून ते ऑगस्ट. तेव्हा किल्ला आणि संग्रहालयं रोज उघडी असण्याची शक्यता सर्वांत जास्त, जुलै-ऑगस्टमध्ये किल्ल्यात विस्मृतीत गेलेले ऑपेरा सादर होतात. हे काम वादस्तेना अकादमी 1964 पासून करते. जूनमध्ये 19 ते 25 च्या दरम्यान येणारा मिडसमरचा शुक्रवार टाळा. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी गाव बंद. आपल्याकडच्या एक ते चारवर हसणाऱ्यांनी ऑक्टोबरात तिथे जाऊन पाहावं: संग्रहालयाचं दार आठवड्यातले मोजके तासच उघडतं.

रोकड नेऊ नका, बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत. दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डं ठेवा, परदेशी व्यवहार इथूनच चालू करून. मोबाइलवरून पैसे देण्याची तिथली 'स्विश' पद्धत स्वीडिश बँक खात्याशिवाय चालत नाही.

जेवणात 'वेगेतारिस्क' म्हणजे शाकाहारी, पण त्यात अंडं धरलेलं असतं. अंडंही नको तर 'वेगान्स्क' मागा आणि दूध-दही वेगळं घ्या. पाकिटावर 'शोत्त' मांस, 'फिस्क' मासा, 'एग' अंडं. चीजमध्ये 'लोपे' लिहिलं असेल तर ते वासराच्या जठरातलं विरजण असू शकतं. दुपारचं ठरावीक जेवण 'दागेन्स' साधारण अकरा ते दोन, संध्याकाळच्या मानाने बरंच स्वस्त. नळाचं पाणी प्या, बाटली विकत घेणं वाया. आणि बेकरीत वेलदोड्याचा गोड पाव मिळतो. साखरभाताच्या नाकाला तो लगेच ओळखू येईल.

सरोवरात पोहता येईल का? (हडपसर)

येईल. वेत्तेर्न 128 मीटरपर्यंत खोल आहे, पाणी काचेसारखं आणि ऑगस्टातही गार. काठाजवळ, थोडा वेळ.

आणखी एक दिवस असेल तर? (डेक्कन)

सायकल किंवा गाडी घेऊन दक्षिणेला जा. वीस-पंचवीस किलोमीटरच्या टापूत आल्वास्त्राचे भग्नावशेष आहेत: 1143 मध्ये सिस्टर्शियन साधूंनी स्थापलेला मठ, जिथे बिर्गिताचा नवरा वारला. शेजारी ओम्बेर्ग डोंगर, उंची 263 मीटर, म्हणजे पायथ्यापासूनची चढाई पर्वतीपेक्षा जास्त, सिंहगडापेक्षा बरीच कमी. आणि रोक गावच्या चर्चपाशी नवव्या शतकातला रूनलिपीचा दगड, सुमारे 760 अक्षरांचा, दगडावरचा सर्वांत लांब ज्ञात रूनलेख. वारिन नावाच्या बापाने मेलेल्या वेमोद या मुलासाठी कोरलेला. अक्षरं पाचही बाजूंना आहेत, माथ्यावरसुद्धा, तेव्हा समोरून एक फोटो काढून गाडीत बसू नका, पूर्ण फेरी मारा.